जास्तीचा वेळ नको, आधी माझ्या पोराला वाचायला शिकवा

पहिलीच्या दिवाळीपासून मी शाळेत सांगतेय, याला अक्षरं ओळखता येतात पण शब्द वाचता येत नाही. आज पोरगं चौथीत आहे आणि अजूनही उत्तर तेच: "लक्ष देत नाही हो. घरी जरा घोकून घ्या, मोबाईल बंद करा."

घोकून घेतलं, तेही रोज, जेवणं झाली की. 'कमळ' वाचतो, 'बदक' वाचतो. 'किती' आलं की अडतो, कारण वेलांटी कागदावर 'क'च्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'प्रार्थना' आलं की संपलंच. रफार 'थ'च्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी. हे त्याला कुणीतरी उकलून, हळूहळू, शंभर वेळा दाखवायला हवं ना? वर्गात उभं करून "वाच" म्हणायचं आणि पोरं हसली की "बस खाली" म्हणायचं, याला शिकवणं म्हणतात? कविता मात्र एकदा ऐकली की पाठ. पुस्तक मिटून म्हणून दाखवतो. अशा पोराला 'ढ' म्हणताना जीभ कशी रेटते?

आणि कायदा नाही असंही नाही, याचा सगळ्यात जास्त संताप येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडणं, त्यातच येते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अशी अडचण, त्यातच येतो. कलम १६ सांगतं की हे लवकरात लवकर ओळखा आणि त्यावर मात करता येईल अशा पद्धतीने शिकवा. अनुदानितच नाही, मान्यता असलेल्या शाळांनासुद्धा ते लागू आहे. २०१८ च्या केंद्राच्या सूचनांमध्ये तर अशी मुलं हेरायला प्रत्येक शाळेत समिती हवी असं लिहिलंय, मुख्याध्यापक तिचे प्रमुख. मी आमच्या मुख्याध्यापक सरांना विचारलं, समितीत कोण आहे? त्यांनी असं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं.

ही अडचण हेरायला वर्गशिक्षकांना वापरता येईल अशी 'डाली' नावाची चाचणी आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली. मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी वेगळी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. म्हणजे पहिलीतच कळू शकलं असतं!

अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याची कथा तर विचारू नका. दुसरीत असताना जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं तर म्हणाले, आठ वर्षं पूर्ण झाल्यावर आणा. बरं, आणलं. मानसतज्ज्ञ आठवड्यातून एकच दिवस. पाच फेऱ्या झाल्या, माझे पाच खाडे. आधी बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, तो ८५ च्या वर आला तर पुढची चाचणी. आणि त्या चाचणीत मराठी माध्यमाच्या पोरापुढे वाचायला काय ठेवलं? इंग्रजी उतारा. मी तिथेच भांडले. घसा बसेपर्यंत भांडले.

शेवटी दाखला मिळाला. चौदाव्या वर्षी परत तपासणी, अठराव्या वर्षी परत. ठीक आहे, करू. तो घेऊन शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, "बरं झालं, आता दहावीला जास्त वेळ मिळेल, लेखनिक मिळेल." अहो बाई, दहावीला अजून सहा वर्षं आहेत! तोवर हे मूल काय करणार? भूगोल कसा वाचणार? गणितातलं शाब्दिक उदाहरण कसं वाचणार?

महाराष्ट्र या मुलांना १९९६ पासून परीक्षेत सवलती देतोय, चांगलंच आहे, काढू नका. ज्याचं लिहिणं हळू आहे त्याला तो वेळ लागतोच. पण सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. दाखला सवलतीसाठी लागतो. जोडाक्षर फोडून शिकवायला कुठला दाखला लागतो? गटसाधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातून, विशेष शिक्षक येतील म्हणाले. वर्षभरात दोनदा आले, अर्धा तास बसले, रजिस्टरवर सही केली. त्यांनाही दोष देववत नाही, एका माणसाच्या माथी इतक्या शाळा मारल्यात. खाजगीत उपचारात्मक शिकवणी घ्यायची तर तालुक्याला कुणी नाही, आणि शहरात जी फी सांगतात ती माझ्या पगारात बसत नाही.

आता जूनमध्ये तो पाचवीत जाईल. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाला तर फेरपरीक्षा, तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. ज्याला तुम्ही चार वर्षांत वाचायला शिकवलं नाही, त्याला वाचता येत नाही म्हणून मागे ठेवणार? चूक कुणाची आणि वर्ष कुणाचं जाणार?

परवा रात्री ताटात रवा पसरून त्याला बोटाने 'र्थ' काढायला लावला. तोंडाने 'र' म्हणायचा, मग 'थ'. सातव्यांदा 'अर्थ' वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, बाईंनी असं का नाही सांगितलं?"

सोमवारी कलम १६ आणि त्या समितीची सूचना छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे. समितीतली नावं आणि याला रोज कोण, किती वाजता शिकवणार ते लेखी मिळेपर्यंत मी ऑफिसातून उठणार नाही.