‘जुनं पिस्तूल घ्या, जुन्या बाईकसारखं’ हा सल्ला तुम्हाला तुरुंगात नेऊ शकतो

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांपासून शहरातल्या गंगापूर रोडच्या व्यावसायिकांपर्यंत अनेकांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा : शस्त्र परवाना हातात आला की नव्या पिस्तुलावर पैसे घालवू नका. जुनं, लहान पिस्तूल घ्या, अगदी जुनी बाईक घेतो तसं. इसार द्या, ताबा घ्या, नाव नंतर लावता येतं. नाइन एमएम मिळालं तर सोडू नका. विदेशी असेल तर डोळे झाकून घ्या. नळी चकाकते का एवढंच बघा. काडतुसं ‘बत्तीस’ची कुठलीही चालतात. आणि लहान असल्यामुळे घरातल्या बाईमाणसांनाही सहज चालवता येतं.

हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचतो त्यांच्यात द्राक्षाच्या हंगामात मोठी रोकड सांभाळणारे आहेत, पेट्रोल पंप चालवणारे आहेत, देवळालीत स्थायिक झालेले निवृत्त फौजीही आहेत. त्यांची गरज खरी आहे. म्हणूनच त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

‘आधी ताबा, मग नाव.’ सगळ्यांत घातक वाक्य हेच. जुनी बाईक नावावर व्हायला दोन महिने लागले तरी फार बिघडत नाही. पिस्तुलाचं तसं नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार खाजगी परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या पात्र माणसाला विकता येतं, पण त्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. कोणाला विकणार, त्याचं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर पिस्तूल विक्रेत्याच्याच घरात राहायला हवं. विनापरवाना बंदुकीच्या ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे. ‘नंतर करून घेऊ’ म्हणत पिस्तूल गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकलं, तर त्या क्षणी तुमची बाजू मांडायला एकही कागद नसतो.

नाशिकमध्ये आणखी एक गुंता आहे. शहराच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. विकणारा निफाडचा आणि घेणारा पंचवटीचा असेल तर दोन वेगळी कार्यालयं आली. कानपूरहून कोणी ‘स्वस्तात पाठवतो’ म्हणाला तर आधी आपल्या परवान्यावर कुठलं क्षेत्र लिहिलंय ते वाचा. आणि तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर विषय तिथेच संपला. पूर्वी तीन चालत, २०१९ पासून मर्यादा दोनची आहे. माझा आग्रह असा की व्यवहार परवानाधारक शस्त्र विक्रेत्यामार्फत करा. थोडे पैसे जास्त जातील, पण त्याच्या रजिस्टरमधली नोंद पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. आणि कागद पुरे होईपर्यंत इसार देऊ नका. एकदा पैसे अडकले की माणूस घाई करतो.

‘नाइन एमएम सोडू नका.’ हा सल्ला अमेरिकन व्हिडिओंमधून उचललेला आहे. तिथे लहान पिस्तूल म्हटलं की नऊ एमएमच समोर येतं. आपल्याकडे लष्करी नऊ एमएम काडतूस ज्यात बसतं आणि उडतं ते पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या बंदी असलेल्या मापात) मोडतं. नाशिकच्या कार्यालयातून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर ते घेताच येत नाही. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे. कोणी ‘नाइन एमएम आहे, सेटिंग करून देतो’ म्हणाला तर तो गुन्ह्यात भागीदार शोधतोय. सामान्य परवानाधारकासाठी पिस्तूल म्हणजे व्यवहारात .३२ बोअर, म्हणजेच मेसेजमधलं ‘बत्तीस’.

‘विदेशी असेल तर डोळे झाकून.’ सामान्य नागरिकांसाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. म्हणजे बाजारात दिसणारं विदेशी बनावटीचं वाल्थर किंवा ब्राउनिंग बहुधा चाळीस वर्षांहून जुनं असतं, कधी कधी ऐंशी-नव्वद वर्षांचं. किंमत चढते ती दुर्मीळ असल्यामुळे. ते उत्तम चालतं म्हणून नव्हे. मूळ कारागिरी देखणी होती यात शंका नाही. पण स्प्रिंग थकतात, सुटे भाग मिळत नाहीत, मग कोणीतरी कानस मारून भाग बसवतो. १९१० च्या ब्राउनिंगसारख्या जुन्या घडणीत पिस्तूल हातातून पडलं तर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अडवणारी स्वतंत्र कळ नसते. असं पिस्तूल चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) काडतूस ठेवून कमरेला लावणं मला मान्य नाही. रोज जवळ बाळगायचं असेल तर सरकारी कारखान्यातलं, चांगल्या स्थितीतलं देशी .३२ मी आधी बघेन.

‘नळी चकाकते का बघा.’ नळी बघायचीच, पण चकाकी फसवते. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी तपासा. मग नळीत प्रकाश सोडून बघा. आतले पीळ धारदार आहेत की झिजलेत? बारीक खड्डे आहेत का? जुन्या काडतुसांच्या कॅपमधला मसाला जळल्यावर क्षार मागे ठेवायचा, वेळेवर सफाई झाली नाही की नळी आतून खात जायची. कुठे काळसर कडं दिसलं तर संशय घ्या. नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली गेली की तिथे फुगवटा येतो.

मग क्रमांक. स्लाइड, फ्रेम, नळी यांवर जिथे जिथे क्रमांक आहे तिथे तो जुळायला हवा आणि पिस्तूल विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षरशः तोच हवा. नव्याने निकेल किंवा काळा मुलामा चढवलेल्या पिस्तुलाकडे मी जास्त वेळ बघतो, कारण पॉलिश करताना खुणा घासल्या जातात. कलम ८ नुसार बनवणाऱ्याचं नाव किंवा क्रमांक पुसलेलं शस्त्र विकता येत नाही आणि ते ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच खुणा पुसल्या असं कायदा गृहीत धरतो. मध्य प्रदेशच्या सीमेकडून येणारी गावठी पिस्तुलं कधी कधी विदेशी नाव कोरून विकली जातात, हे लक्षात ठेवा.

.३२ ची बहुतेक लहान पिस्तुलं ब्लोबॅक असतात. त्यांत गोळी उडताना मागचा दाब फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग रोखतात. स्प्रिंग सैल झाली की स्लाइड दरवेळी फ्रेमवर आदळते, आणि तडे जायला लागतात ते तिथेच. मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील तर काडतूस अडकतं. चालवून बघायचं तर परवानगी असलेल्या रेंजवर, आणि विकणाऱ्यालाच झाडायला सांगा, कारण परवाना त्याच्या नावावर आहे. प्रत्येक काडतूस नीट चढतं का, रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जाते का, ते बघा. एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या तर व्यवहार तिथेच सोडा.

‘बत्तीसची कुठलीही काडतुसं.’ नाही. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि मागे कड असलेलं असतं. पिस्तुलाचं .३२, ज्याला ७.६५ एमएमही म्हणतात, आखूड असतं. नाव सारखं, वस्तू वेगळी. दुकानात ‘पिस्तुलाचं’ असं स्पष्ट सांगा आणि जुन्या मालकाने पिस्तुलासोबत दिलेली जुनाट काडतुसं घेऊ नका. तीसुद्धा नोंदीशिवाय घेता येत नाहीत.

‘लहान म्हणून सोपं.’ उलट आहे. मूठ आखूड, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर कमी, त्यामुळे नेम पटकन ढळतो. ब्लोबॅकची स्प्रिंग कडक असते, म्हणून स्लाइड ओढायला मनगटात चांगलं बळ लागतं. शिवाय परवाना एका माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. पत्नीच्या उशाशी पिस्तूल ठेवून गावाला जाणं हा सरळ कायदाभंग आहे, आणि घरात मुलं असतील तर त्याहून वाईट.

मेसेजच्या शेवटी ‘कोणाचे वडील वारलेत का बघा, त्यांचं पिस्तूल स्वस्तात सुटतं’ असंही लिहिलंय. परवानाधारक गेल्यावर घरच्यांनी ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. कायदेशीर वारसाला ते परवाना घेऊन परत मिळवता येतं किंवा पात्र माणसाला विकता येतं. तेव्हा अशा घरी गेलात तर पिस्तूल बघायला मागण्याआधी जमा केल्याची पावती मागा. पावती नसेल तर त्यांना आधी ते जमा करायला सांगा, आणि तुम्ही त्या पिस्तुलाला हातही लावू नका.