‘नळी घातल्याशिवाय कारण कळत नाही’: खरंच का?

मराठवाड्यातल्या महिलांच्या गटांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘लघवी निसटते? लक्षणांवरून डॉक्टर नुसता अंदाज बांधतात. मोठ्या शहरात युरोडायनॅमिक तपासणी (नळी घालून मूत्राशयातला दाब मोजणं) करा, ती कधी चुकत नाही. तोवर व्यायाम-औषध काही नको. नाहीतर गर्भपिशवीच काढून टाका.’

‘नुसता अंदाज.’ मोळी उचलताना, खोकताना, शिंकताना थेंब जातात आणि एरवी नाही, ही ताणाची गळती. अचानक जोराची लागते, संडास गाठेस्तोवर लुगडं भिजतं, ही घाईची. कैक जणींना दोन्ही असतात. मग जास्त त्रास कशाचा ते विचारायचं. आणि डॉक्टर विचारून थांबत नाहीत. लघवी भरलेली असताना खोकायला लावतात, अंग बाहेर येतं का बघतात, लघवीत जंतू आणि साखर तपासतात. किमान तीन दिवस किती वाजता, किती लघवी झाली याची नोंद मागतात. लिहिता येत नसेल तर शाळेतली पोरगी लिहिते. यासाठी तालुक्याचा दवाखाना पुरतो.

‘तपासणी कधी चुकत नाही.’ चुकते. बारीक नळीतून मूत्राशय भरून दाब मोजतात. त्या खोलीत ते घरच्यासारखं वागेलच असं नाही. घाईचा त्रास स्पष्ट असलेल्या बाईच्या तपासणीतही कधी काहीच सापडत नाही. 2012 साली अमेरिकेत ताणाची साधी गळती असलेल्या 630 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी निम्म्यांची ही तपासणी केली, निम्म्यांची नाही. वर्षानंतर दोन्हीकडे सुमारे 77 टक्के जणींना गुण.

‘तोवर काही नको’ हे सर्वांत घातक. लघवीची जागा आवळून धरायचा व्यायाम, एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने, हाच पहिला उपचार. निदान थोडं इकडंतिकडं झालं तरी त्यानं नुकसान नाही. घाई असेल तर चहा कमी करा, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवा. पाणी मात्र तोडू नका.

पिशवीचं तर बोलूच नये. बीड जिल्ह्यात 2019 च्या सरकारी चौकशीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ते ऑपरेशन गळतीवरचा इलाज नाही.

मेसेज बरोबर कुठे? आधीचं ऑपरेशन फसलंय, लघवी पूर्ण होत नाही, मणक्याचा आजार आहे, किंवा दोन्ही प्रकार गुंतलेत आणि ऑपरेशन करायचंय, तिथे नळीची तपासणी हवीच. लघवीतून रक्त जात असेल, किंवा बाळंतपण-ऑपरेशननंतर रात्रंदिवस सतत गळत असेल, तर व्यायामात महिने घालवू नका, लगेच दाखवा.