माळ घाला, पण आधीचे पाच दिवस दवाखान्याचे

गटारीच्या रात्री शेवटची, आणि श्रावण लागला की एकदम बंद. आपल्या मराठवाड्यात दारू बहुतेक वेळा अशीच सोडली जाते. कुणी श्रावण पाळतं, कुणी नवरात्राचे नऊ दिवस, कुणी नाथषष्ठीला पैठणला जाऊन गळ्यात माळ घालून येतं. घरच्यांना हायसं वाटतं, माय देवापुढे साखर ठेवते. आणि पहिल्या-दुसऱ्या रात्री माणसाला फिट येते.

माळेबद्दल तक्रार नाही. उलट माळ फार कामाची आहे, त्यावर पुढं लिहितोच. तक्रार आहे ती रोज पिणाऱ्या माणसानं एका सकाळी झटक्यात बंद करण्याबद्दल, त्यातही उपास धरून.

हे सगळ्यांना लागू नाही. लग्नात-जत्रेत घेणाऱ्याला काही होत नाही. ज्याचे सकाळी हात थरथरतात, ज्याला एक घोट पोटात गेल्याशिवाय चहाची बशी नीट धरता येत नाही, त्याच्याबद्दल हे आहे. हिशोब करून बघा. विदेशीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज दोन क्वार्टर म्हणजे १२० ग्रॅम. हातभट्टीचा तर हिशोबच लागत नाही, प्रत्येक कॅनचा जोर वेगळा.

इतकी दारू वर्षानुवर्षं रोज गेली की मेंदू तिच्या दाबाखाली काम करायला शिकतो आणि तो दाब तोलण्यासाठी स्वतःला सतत जास्त चेतवून ठेवतो. दारू एकदम काढून घेतली की दाब जातो, चेतवलेला मेंदू मात्र तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, उलट्या होतात, छाती धडधडते. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. खरा धोका तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ताप चढतो, नाडी पळते, दिवस-रात्र कळत नाही. माणूस अंथरुणावरचे नसलेले किडे वेचतो, भिंतीवर मुंग्या चालताना बघतो. शेतकरी असेल तर खाटेवर बसून बैल हाकतो, नसलेला कासरा ओढतो, वळणावर बैलांना हाक मारतो. ड्रायव्हर असेल तर गिअर टाकत बसतो. हातांना सवयीचं काम ते हात करत राहतात.

घरच्यांना वाटतं बाहेरचं झालं. लिंबू उतरवतात, कुठल्या तरी बाबाकडं नेतात, त्यात आठ-दहा तास जातात. ह्या अवस्थेत उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो. उपचार मिळाला तर बहुतेक जण बरे होऊन चालत घरी येतात.

आता गावातला नेहमीचा तोडगा, सलाईन. 'अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा' असं घरचेच डॉक्टरला सांगतात. ती बाटली पुष्कळदा ग्लुकोजची असते आणि गडबड तिथंच होते. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागतं, म्हणजे बी-१. अंगात त्याचा साठा असतो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. रोज पिणारा माणूस जेवत नाही आणि दारूमुळं आतडंही थायमिन नीट शोषत नाही. अशा रिकाम्या अंगात ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं थायमिनही संपतं. मग डोळे विचित्र हलतात किंवा एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. तोल जातोय म्हणजे चोरून प्यायलाय, असं समजून घरचे ओरडतात. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाते. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि तो त्याजागी काहीतरी रचून सांगतो, तेही अगदी खात्रीनं.

म्हणून एकच वाक्य पाठ करून ठेवा: 'डॉक्टरसाहेब, हे रोज पितात, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या.' अपमान वाटून घेणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघा. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीवर भागत नाही, तिच्यात थायमिन फार थोडं असतं. पहिले तीन ते पाच दिवस इंजेक्शन, मग १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, असा साधारण क्रम असतो. औषध स्वस्त आहे. लक्षात राहत नाही एवढंच.

कंप आणि फिट आवरायला क्लोरडायाझेपॉक्साइड देतात. दिवसातून चार वेळा सुरू करून पाच ते सात दिवसांत पायरीपायरीनं उतरवत शून्यावर आणतात. लिव्हर खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम. किती द्यायचं हे माणूस बघून डॉक्टरनंच ठरवायचं. चुका इथं तीन प्रकारच्या होतात. दुसऱ्या दिवशी पेशंट गुंगीत दिसतो म्हणून घरचे गोळ्या परस्पर बंद करतात आणि तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागतो. दुसरी, गोळ्या त्याच्याच हातात देतात, तो गोळ्याही घेतो आणि वरून दारूही, आणि श्वास मंदावतो. तिसरी चूक सावकाश कळते: आठवड्याचा कोर्स संपला तरी 'झोप छान लागते' म्हणून तीच चिठ्ठी मेडिकलवर चार महिने चालते. दारू गेली आणि गोळी आली. गोळ्या घरातल्या एकाच माणसाकडं ठेवायच्या, प्रत्येक डोस समोर गिळायला लावायचा आणि वेळ कॅलेंडरवर लिहायची.

घरी सोडवायचं की भरती करायचं? आधी कधी फिट आली असेल, आधी कधी भ्रम झाला असेल, डोळे पिवळे असतील, संडास डांबरासारखी काळी होत असेल, पडून डोक्याला मार लागला असेल, ताप असेल, किंवा रात्री शेजारी बसायला कुणीच नसेल, तर भरतीच. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं, सगळीकडं मानसोपचार विभाग आहे. 'वेड्याच्या डॉक्टरकडं कशाला' हे बोलणं तेवढं घरी ठेवून जा.

धर्माबाद, बिलोली, देगलूरकडच्या लोकांसाठी वेगळी सूचना. तेलंगणाच्या बाजूला सिंदीत, म्हणजे शिंदीच्या झाडाच्या ताडीत, अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळल्याचं वारंवार उघडकीस आलंय. तशी सिंदी रोज पिणारा माणूस दारूबरोबर गोळ्यांच्याही आहारी गेलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. अशा माणसाचा त्रास पाचव्या दिवशी संपत नाही, कधी सुरूच उशिरा होतो. डॉक्टरला 'दारू पितो' एवढंच सांगू नका, 'सिंदी पितो' असं सांगा.

श्रावणाकडं परत येतो. 'मी दरवर्षी महिनाभर सोडून दाखवतो, मला व्यसन नाही' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. महिनाभर सोडता येणं आणि पुन्हा सुरू न करणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यातलं दुसरं त्यानं कधी केलेलंच नसतं, पोळा झाला की बाटली उघडते. आणि रोज पिणाऱ्यानं असं दरवर्षी झटक्यात सोडणं-धरणं केलं की पुढच्या वेळचा त्रास वाढत जातो. पहिल्या वर्षी नुसते हात थरथरले, तिसऱ्या वर्षी घाम आणि भास, पाचव्या वर्षी फिट, असा चढता क्रम होऊ शकतो. 'मागच्या श्रावणात काही नाही झालं' म्हणून ह्या श्रावणाची हमी धरू नका.

सगळ्यात चीड येते ती 'न सांगता दारू सोडवा' ह्या जाहिरातींची. एसटी स्टँडच्या भिंतीवर, पेपरच्या कोपऱ्यात, आता मोबाईलवरही. अशा पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. काही घरांत तर मेडिकलवरून डिसल्फिराम आणून, कुटून, वरणात कालवतात. ती गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ती शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडवते. मग वरून दारू गेली की दहा-पंधरा मिनिटांत तोंड लाल होतं, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीव जातो. ज्याला गोळीची खबरच नाही तो त्या संध्याकाळी नेहमीसारखी पूर्ण क्वार्टर मारतो. हा घरच्यांच्या हातून नकळत झालेला विषप्रयोगच.

तीच गोळी त्याला सांगून, त्याच्या मर्जीनं, लिव्हरची तपासणी करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास सोडून सुरू केली आणि रोज सकाळी बायकोसमोर घेतली, तर उत्तम चालते. दिवसभरात शंभरदा लढायचं काम सकाळी एकदाच उरकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, हेही त्याला माहीत हवं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही चालत नाही. ओढ कमी करणारी औषधं वेगळी. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पण ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर नाही. अकॅम्प्रोसेटच्या दिवसाला सहा गोळ्या, आणि सहा म्हणूनच लोक ते अर्ध्यावर सोडतात.

पाच दिवस गेले, हात थांबले, भूक लागली. आता माळ घाला. धुळवडीला शेवटची घेतली असेल तर नाथषष्ठीपर्यंत तेवढेच दिवस मिळतात. माळ कामाची का, तर ती नाही म्हणायचं कारण गळ्यात अडकवते. 'डॉक्टरनं मना केलंय' म्हटलं की मित्र म्हणतात एकानं काय होतंय. माळ दिसली की सहसा कुणी आग्रह करत नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसायला जागा मिळते, आणि ती वेळ नेमकी ओढ लागायची असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगही हेच करतात. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देत सुरू केलेली ही रीत. मराठीत मीटिंग होतात, फी नाही, नाव विचारत नाहीत. देवधर्म नको असणाऱ्यानं तिकडं जावं. दोन्ही करणारेही असतात. माळेत एकच कच्चा दुवा आहे. एकदा घसरला की 'माळ बाटली' म्हणून लाजेनं ती काढतो आणि मग मोकळाच सुटतो. माळ घालतानाच महाराजांशी बोलून ठेवा की घसरला तर परत या म्हणावं.

ओढ येते ती पंधरा-वीस मिनिटं जोर करते आणि उतरते. दिवेलागणीला पोट रिकामं ठेवू नका, सहा वाजताच भाकरी वाढा. वावरातून घरी येताना दुकान लागत असेल तर लांबचा रस्ता धरा. झोप महिना-दोन महिने नीट लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर 'झोपेपुरती एकच' इथूनच परत सुरुवात होते.

आणि पैसा. आमच्याकडं घसरण्याला मोसम असतो. सोयाबीन आडतीवर गेल्यावर, कापसाचं माप झाल्यावर, ऊसतोडीच्या मुकादमानं कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिल्यावर, गावात पंचायतीची निवडणूक लागल्यावर. हे सगळे दिवस महिनाभर आधी माहीत असतात, तरी तयारी कुणी करत नाही. पट्टीचे पैसे थेट बायकोच्या खात्यावर घ्या. एटीएम कार्ड तिच्याकडं. उचल घ्यायला नवरा-बायको दोघं मिळून जा. कारखान्यावर जाणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरकडून चिठ्ठी आणि जमतील तेवढ्या दिवसांचं औषध बांधून घ्या. रात्रीच्या भरणीनंतर अंग ठेचल्यासारखं होतं तेव्हा फडात कुणीतरी बाटली काढतोच, त्या रात्रीसाठी डॉक्टरला विचारून अंगदुखीची गोळी सोबत ठेवा.

रात्री जीपमधून उचलून नेणारी केंद्रं आहेत. घरचे थकलेले असतात, पैसे भरतात आणि दार लावून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मर्जीविरुद्ध भरतीला तपासणी लागते आणि ती ३० दिवसांपर्यंतच, पुढं ठेवायचं तर पुन्हा तपासणी. साखळीनं बांधणं तर साफ बेकायदा. केंद्र बघायला जाल तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, आणि आत असलेल्या एखाद्याशी एकट्यानं बोलू देतात का बघा. पहिले पंधरा दिवस भेट नाही, फोन नाही म्हणाले तर उठून या.

घसरला तर त्या रात्री भांडू नका, नशेतल्या माणसाशी बोलून काही हाती लागत नाही. सकाळी एवढंच मोजा की किती दिवस प्यायला. एक-दोन दिवस असतील आणि हात स्थिर असतील तर तिथंच थांबवता येतं. आठवडाभर रोज झाली असेल आणि सकाळी कंप असेल तर पुन्हा दवाखाना, पुन्हा थायमिन, पुन्हा ते पाच दिवस. फोनवर विचारायचं तर टेली-मानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. आणि डिसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी काढा आणि गोळीचं रिकामं पाकीट डॉक्टरला दाखवायला सोबत घ्या.