15 जीबीतला संसार

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला जागेच्या टंचाईचे नवल नसते. तरीही ‘तुमचे स्टोरेज भरले आहे’ ही सूचना मेलपेटीच्या माथ्यावर झळकू लागली, तेव्हा आमच्या घरात खळबळ माजली. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेलने 1 जीबी जागा फुकट जाहीर केली, ती अनेकांना एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. आता 15 जीबी मिळतात. पण त्यांत मेल, ड्राइव्ह आणि जून 2021 पासून चढवलेले फोटो असे एकत्र कुटुंब नांदते, आणि एकत्र कुटुंबात जागा कोणी अडवली हे विचारायची सोय नसते.

सौभाग्यवतींचा संशय बँकेवर होता. “अहो, रोज येतात त्यांचे मेल, आधी ते काढा!” त्यांच्या समाधानासाठी मी पूर्वमंजूर कर्जे, चपलांवरील सवलती आणि निवृत्तीनंतरही मला निष्ठेने येणारे नोकऱ्यांचे प्रस्ताव घाऊक उडवले. आकडा ढिम्म राहिला. नुसत्या मजकुराचा मेल असतोच मुळी चिमूटभर. तो 50 केबीचा धरला, तरी 1 जीबी मोकळी व्हायला असे सुमारे 20,000 मेल काढावे लागतात.

“बाबा, शोधपट्टीत ‘लार्जर’ लिहा, अपूर्णविराम द्या आणि पुढे 10 एम,” चिरंजीवांनी फर्मावले. त्याबरोबर खरे वजनदार लोक उघडे पडले. अग्रभागी आमच्या सोसायटीचे सचिव होते. टाकी धुण्याविषयीची दोन ओळींची सूचना ते संगणकावर टंकतात, छापतात, सही-शिक्का करतात आणि मग उच्च दर्जाने रंगीत स्कॅन करून पाठवतात. ईमेल ही मूळची अक्षरांची व्यवस्था असल्यामुळे जोडलेली फाइल अक्षरांत रूपांतरित होऊनच प्रवास करते आणि त्यात सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे टाकी धुण्याआधीच पाणी वाढलेले!

त्याखालोखाल मेहुण्यांनी पाठवलेला भाचीचा साखरपुडा होता. एका मेलची मर्यादा 25 एमबी असल्यामुळे तो हप्त्याहप्त्याने आला होता, आणि त्यातील निम्म्या फोटोंत गुरुजींची मान व सभागृहाचा पंखा यांखेरीज कोणी नव्हते. मी ते काढताच, “माझ्या माहेरचे तेवढे कचऱ्यात का?” असा प्रश्न आला. काढलेले मेल 30 दिवस बिनमध्ये राहतात आणि तोवर जागाही अडवतात, ही तांत्रिक तरतूद माहेरच्या पथ्यावर पडली. बिन रिकामी होण्यापूर्वी पंख्यासह सारा साखरपुडा परत आला. गेल्या त्या सचिवांच्या टाक्या.

जागा भरलेली असताना येणारे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात, याचा उलगडा मला लिफ्टमध्ये सचिवांनी केला. “सर्वसाधारण सभेची नोटीस तुमच्याकडून परत आली, साहेब. तुम्ही नव्हता, त्यामुळे रंगकाम उपसमितीचे निमंत्रक म्हणून तुमचे नाव एकमताने झाले. ठेकेदारांची कोटेशने आणि शेडकार्डे आजच मेल करतो. ती मात्र रंगीतच स्कॅन करावी लागली हो.”