बेळगावच्या थंडीत गोल्डफिशला हिटर? कशाला!

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावातल्या ग्रुपांवर एक मेसेज ठरलेला: ‘थंडी वाढतेय, गोल्डफिशच्या टाकीत हिटर लावा. पाणी २८ अंशांवर ठेवा. मासा तळाशी बसला म्हणजे गारठला, लगेच गरम पाणी ओता. पांढरे ठिपके उष्णतेनं जातात.’ शहापुरातल्या आमच्या शेजारच्या पोरानं तो वाचून हिटर आणलाही. “काका, किती डिग्रीवर लावू?”

लावूच नकोस, म्हटलं.

गोल्डफिश मूळचा चीनचा, कार्पच्या कुळातला, थंड पाण्यातला मासा. खोल तळ्यावर बर्फ धरला तरी खाली तग धरतो. १८ ते २३ अंश त्याला छान मानवतात. इकडे पहाटे पारा १३-१४ वर येतो, खानापूरकडे तर हुडहुडीच भरते. पण घरातल्या टाकीचं पाणी हवेइतकं झटकन गार होत नाही. माझ्या टाकीत मागच्या जानेवारीत पहाटे १९ होते. स्वेटर आपल्याला लागतो.

२८ हा आकडा एंजल, डिस्कस असे उष्ण पाण्यातले मासे पाळणाऱ्यांचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात पाणी गरम झालं की माशाचा श्वास वाढतो, भूक वाढते, घाणही वाढते. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

तळाशी बसण्याचं म्हणाल, तर मी त्या पोराकडे जाऊन पाहिलं. काचेचा गोल बाऊल, त्यात दोन मासे, खाली न खाल्लेले दाणे फुगून पांढरे पडलेले. अशा घाणीतून पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो. किटनं तो तपासला, तर पिवळी राहायला हवी ती नळी चक्क हिरवी! यात गरम पाणी ओतलं असतं तर अमोनियाचा विषारीपणा आणखी वाढला असता, वर तापमानाचा झटका वेगळाच. आम्ही घाण उपसली, पाव भाग पाणी बदललं, नव्या पाण्यात अँटिक्लोरचे, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे, थेंब टाकले आणि दोन दिवस खाणं बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी दोघे वर येऊन खाण्यासाठी तोंड वाजवू लागले. बाऊल मात्र बदलायलाच हवा, हेही सांगून ठेवलंय.

ठिपक्यांचं अर्धं खरं आहे. माशाच्या अंगावरचे हे ठिपके एका परजीवीमुळे येतात; उष्णतेनं त्याचं जीवनचक्र भरभर फिरतं, म्हणून औषध लवकर लागू पडतं. पण ते औषधाबरोबर, हळूहळू चढवून, हवेचा पंप चालू ठेवून करायचं. वर्षभर पाणी तापवत ठेवणं हा त्याचा अर्थ नव्हे.

खरी काळजी एप्रिलमध्ये. दुपारी बाहेर ३६, टाकीत ३० आणि त्यात वीज गेली की पंप बंद. तेव्हा झाकण काढा, टाकी उन्हापासून हलवा, बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असू द्या. या दिवसांत मेसेज कुणी पाठवत नाही.

पोराचा हिटर वाया गेला नाही. माझ्या एंजलच्या टाकीतला जुना बंद पडला होता, तिथं लावला.