‘कॅप्चर केलेलं मार्कअप वापरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात रेल्सवर (रुबी भाषेतलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) काम करणाऱ्यांच्या ग्रुपांवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, की कॅप्चर (टेम्पलेटमधल्या ब्लॉकचं मार्कअप, म्हणजे एचटीएमएल, पकडून ठेवणारं) आणि कंटेंट-फॉर (ते नाव देऊन साठवणारं, म्हणजे पानात दुसरीकडे छापता येतं) वापरू नका. कारणं अशी: पकडलेलं मार्कअप एकाच जागी छापता येतं, दर वेळी नव्याने चालतं म्हणून साइट मंदावते, त्याला रॉ (मजकूर जसाच्या तसा, टॅगसकट छापणारं) लावावं लागतं म्हणून ते धोक्याचं, आणि कंपोनंट (पानाचे सुटे, पुन्हा वापरता येणारे भाग) आल्यापासून त्याची गरजच उरली नाही. नवी पोरं हा मेसेज वाचून चालता कोड उचकटायला बसलीत, म्हणून लिहितोय.

एकाच जागी छापता येतं, हे साफ चूक. कॅप्चर ब्लॉकमधला मजकूर स्ट्रिंग म्हणून हातात देतं. ती कुठेही आणि कितीदाही छापा. रेल्स नेहमीच्या पद्धतीत आधी व्ह्यू (त्या पानाचं टेम्पलेट) रेंडर करतं आणि मग लेआउट (सगळ्या पानांभोवतीचा सांगाडा). त्यामुळेच व्ह्यूमध्ये साठवलेलं शीर्षक लेआउटमधल्या टायटलपर्यंत पोचतं. लेआउटमध्ये साठवलेलं यील्डने छापतात; हेल्परमध्ये (व्ह्यूला मदत करणाऱ्या मेथडमध्ये) मात्र यील्ड चालत नाही, तिथे कंटेंट-फॉरलाच नाव देऊन ते मागायचं.

मंदावण्याचं तर उलटंच आहे. चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या साइटवर किंमत आणि मापांची चौकट पानाच्या वर एकदा आणि मोबाइलसाठी तळाला एकदा हवी होती. पार्शल (पानाच्या तुकड्याचं वेगळं टेम्पलेट) दोनदा रेंडर केलं असतं तर आतला सगळा कोड दोनदा चालला असता. कॅप्चरमध्ये ब्लॉक एकदाच चालला, स्ट्रिंग दोनदा छापली. अडचण आली ती वेगळीच: चौकटीतला आयडी पानावर दोनदा आला आणि तळाच्या ‘माप ८’वर बोट ठेवलं की वरचं माप निवडलं जायचं. शेवटी आयडी काढून इनपुट लेबलच्या आतच ठेवले.

रॉचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात सुरक्षेचं नाव पुढे करून चुकीची सवय लावली जातेय. रेल्स ३ पासून, म्हणजे २०१० पासून, टेम्पलेटमध्ये छापलेला मजकूर आपोआप एस्केप होतो, म्हणजे त्यातले टॅग निव्वळ अक्षरं बनतात. ब्लॉकच्या आत ग्राहकाचं नाव छापलं तर ते तिथेच एस्केप होतं आणि कॅप्चर जे परत देतं ते सुरक्षित म्हणून खूण केलेलं असतं. रॉची गरजच नाही. गडबड पुढे होते. कुणीतरी ती स्ट्रिंग अवतरणचिन्हांतल्या दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये गुंफतो, खूण गळून पडते, पडद्यावर टॅग जसेच्या तसे दिसू लागतात, आणि घाईत सगळ्यालाच रॉ लावलं जातं. त्या दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये ग्राहकाने लिहिलेलं काही असेल तर सुरक्षेला भोक तिथे पडतं. सेफ-जॉइन (तुकडे जोडताना खूण नसलेले एस्केप करणारं) वापरा, प्रश्न मिटतो.

मेसेजमध्ये जे नाही आणि असायला हवं होतं, ते कॅशेबद्दल. फ्रॅगमेंट कॅशेच्या (पानाचा तयार तुकडा साठवून पुन्हा वापरणं) आत साइडबारचं कंटेंट-फॉर लिहिलं, तर पहिल्यांदा ब्लॉक चालतो आणि साइडबार भरतो. पुढच्या वेळी मजकूर कॅशेतून येतो, ब्लॉक चालतच नाही, साइडबार रिकामा. डेव्हलपमेंटमध्ये कॅशिंग सहसा बंद असतं, त्यामुळे हे लाइव्ह गेल्यावरच कळतं. माझी एक अख्खी रात्र यात गेलीय. एकाच नावाने दोनदा कंटेंट-फॉर केलं की मजकूर जोडला जातो, हेही माहीत हवं. जुना काढून बदलायचा असेल तर फ्लश हा पर्याय द्या.

राहिला कंपोनंट. गिटहबकडून आलेल्या व्ह्यूकंपोनंट या लायब्ररीचे स्लॉट (कंपोनंटमधल्या भरायच्या मोकळ्या जागा) तरी काय करतात? तुम्ही दिलेला ब्लॉक कॅप्चर करून योग्य जागी ठेवतात. आणि चपलेच्या पानाचं कंपोनंट कितीही नेटकं बांधलं, तरी त्या एका पानापुरती स्टाइलशीट लेआउटच्या हेडमध्ये न्यायची तर व्ह्यूमध्ये कंटेंट-फॉरच लिहावं लागतं.