त्या छायाचित्राच्या वापराविषयी

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी मोटारसायकलस्वार रॉली फ्री यांच्यावरील लेखात मी त्यांचे १९४८ सालचे छायाचित्र विनापरवानगी वापरले आणि खाली श्रेय दिल्याने परक्याची वस्तू आपली होत नाही, असा आपला आक्षेप आहे. श्रेय हा परवानगीचा पर्याय नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र परवानगीविना केलेला प्रत्येक वापर चोरी ठरतो, हे मान्य नाही.

चित्र अमेरिकेतले असले तरी येथील वापराला भारतीय कायदा लागू पडतो आणि १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला मुभा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली नाटककार सिव्हिक चंद्रन यांच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या: मूळ कृतीतले किती घेतले, कशासाठी घेतले आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करते का. छायाचित्र अर्धे दाखवून भागत नाही, म्हणून मी ते छपाईला निरुपयोगी ठरेल इतके लहान ठेवले. ‘कशासाठी’ या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी (त्याच दिवशी आपल्या सोलापूरकडून भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, त्यामुळे ही तारीख माझ्या मनात पक्की आहे) अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर फ्री यांनी व्हिन्सेंट मोटारसायकल ताशी १५०.३१३ मैल वेगाने चालवली. चामडी पोशाख वाऱ्याने फाटल्यावर तो उतरवून, केवळ पोहण्याची चड्डी, टोपी आणि बूट घालून, पाय मागे ताणून ते गाडीवर पालथे पडले होते. माझा लेख त्या आडव्या देहाविषयीच आहे: भार कुठे टेकला आहे, मान किती खाली गेली आहे, वाऱ्याला अडवणारे अंग किती घटले आहे. वाचकासमोर चित्र नसेल, तर यातले एकही वाक्य त्याला पडताळता येणार नाही.

‘इतके जुने चित्र मुक्तच असणार’ असे माझ्या बाजूने कोणी म्हणाले, तर तो आधार मी घेणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्रावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असे. आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय हा हक्क चित्रात दिसणाऱ्या माणसाकडे आपोआप जात नाही, म्हणून फ्री यांच्या वारसांना विचारण्याची आपली सूचना येथे उपयोगी पडत नाही.

येथील एका गॅरेजमालकांनी दुकानाच्या फ्लेक्सवर छापण्यासाठी हेच चित्र मोठ्या आकारात मागितले, तेव्हा मी ते दिले नाही. तेथे चित्राविषयी सांगण्यासारखे काही नव्हते, त्याच्या जोरावर गिऱ्हाईक ओढायचे होते. आपला आक्षेप त्या फ्लेक्सवर असता, तर मी आपल्याच बाजूने लिहिले असते.